प्लवकं गेली कुठे

मोजणीवाल्याच्या आलेखात समुद्र मरायला लागला तो नेमका त्याच्या लग्नाच्या महिन्यात. हा योगायोग त्याला बरेच दिवस खटकला नाही. नवं लग्न झालेल्या माणसाला एकूणच कमी गोष्टी खटकतात.

किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात त्याचं काम सोपं होतं. होडीतून बंदराबाहेर जायचं, पाण्याच्या वरच्या थरातून बारीक जाळी ओढायची, तिच्यात येईल ते बाटलीत भरून आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली प्लवकं मोजायची. प्लवकं म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे बारीकसारीक जीव. मासे त्यांच्यावर जगतात. मोजणीवालाही त्यांच्यावरच जगत होता.

केंद्रप्रमुख बाईंनी आलेख भिंतीवर चिकटवला. रेघ घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली आली होती.

"पाणी तापलंय," बाई म्हणाल्या. "नाहीतर सांडपाणी. नाहीतर नदीचं गोडं पाणी आटलंय. तुला काय वाटतं?"

"तिन्ही," मोजणीवाला म्हणाला. वरिष्ठांनी तीन पर्याय दिले की तिन्ही घ्यावेत, हे तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकला होता.

"मग सोमवारी अहवाल पाठवते. बंदराबाहेरची मासेमारी वर्षभर बंद ठेवा म्हणून."

मोजणीवाल्याला ठसका लागला. बंदराबाहेर जाळी टाकणाऱ्यांत त्याचा सासरा होता.

सासरा केंद्राची होडीही चालवायचा. सोयरीक जुळली तीच मुळी या होडीमुळे. लग्नाआधी तो अंधारातच मोजणीवाल्याच्या खिडकीवर वल्हं आपटायचा. "ए कुंभकर्णा, ऊठ. समुद्र काय तुझ्या बापाचा नोकर आहे ताटकळायला?" मोजणीवाला धडपडत उठायचा, आणि उजाडायच्या आत जाळी पाण्यात पडायची.

लग्नानंतर पहिल्याच पहाटे सासऱ्याने खिडकीखाली येऊन वल्हं उचललं आणि हळूच खाली ठेवलं. आत जावई झोपलेला. जावयाला असं उठवलं तर लोक तोंडात शेण घालतील. तो मुकाट्याने होडीत जाऊन बसला. जावईबापू चहा, नाश्ता आणि परत चहा उरकून आले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. "या," सासरा म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलने फळी पुसली. "घाई नव्हती काही." तेव्हापासून रोज हेच.

आता भिंतीवरच्या रेघेकडे बघताना मोजणीवाल्याला घाम फुटला. अंधारात वर यायचं आणि उजाडलं की माशांना दिसू नये म्हणून खाली जायचं, ही बहुतेक प्लवकांची रीत. पुस्तकातला पहिला धडा. नोकरीच्या मुलाखतीत त्याने हेच घडाघडा सांगितलं होतं. प्लवकं मेली नव्हती. ती खालच्या मजल्यावर गेली होती आणि हा रोज गच्चीवर जाऊन "घरात कुणी नाही" असं लिहून येत होता.

त्याने बायकोला सांगितलं.

"म्हणजे तू लोळत पडतोस म्हणून बाबांचा धंदा बसणार."

"असं एका वाक्यात सांगितलं की वाईट दिसतं."

"दोन वाक्यांत सांगून बघ."

सोमवारच्या आत एकदा तरी पहाटे जाळी ओढायला हवी होती. गजराचा उपयोग नव्हता. झोपेतच तो बंद करायची त्याच्या हाताला सवय होती. बायकोची झोप त्याच्याहून गाढ. शनिवारी तो सासऱ्याकडे गेला. खरं कारण सांगायची लाज वाटली.

"बाबा, उद्या पहाटे मला उठवा."

"छे छे. तुम्ही झोपा निवांत."

"पूर्वी उठवायचात की."

"पूर्वी तुम्ही परके होता."

फारच गळ घातल्यावर रविवारी पहाटे सासरा खिडकीखाली आला. खाकरला. "अहो, उजाडतंय हं. सवडीने या." एवढं बोलून तो स्वतःच्याच उद्धटपणाने खजील झाला. मोजणीवाला या कुशीवरून त्या कुशीवर वळला.

संध्याकाळी मात्र त्याने सासऱ्याला सगळं सांगून टाकलं. आलेख, अहवाल, बंदी.

"म्हणजे मी पहाटेपासून तिथे डासांना रक्त पाजत बसायचो, तेव्हा ती सगळी माझ्या बुडाखाली होती?"

"हो."

"आणि तुम्ही आलात की खाली पळायची."

"हो."

"तुम्हाला बघून."

"उजेड बघून, बाबा."

"तेच ते."

सोमवारी पहाटे खिडकीवर असं वल्हं बसलं की चौकट हलली. सासऱ्याने जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढची पिढी आपल्याच मुलीची असेल, हे त्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही. आळीतले चार दिवे लागले. मोजणीवाला उलटा सदरा घालून होडीत पोचला. जाळी वर आली ती जड लागली, आणि बाटलीतलं पाणी खळीसारखं दाट होतं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"रोज किती वाजता जायचास?"

"सकाळी. नोंदीत लिहिलंय तसं."

"सकाळी म्हणजे?"

"दहा."

"दहाला सकाळ म्हणतात?"

"आमच्याकडे म्हणतात."

बाईंनी अहवाल फाडला. पाणी थोडं तापलंय हे खरंच होतं, पण किती बिघडलंय ते पहाटेच्या नव्या नमुन्यांवरूनच ठरणार होतं. ते आणायचं काम कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही, नुसतं बघितलं. मग कागद पुढे सरकवला. "घटीचं कारण लिही. नेमकं."

त्याने विचार करून लिहिलं: मानवी हस्तक्षेप.

"कसला?"

"अति आदर," तो म्हणाला. बाईंनी ते लिहू दिलं नाही.

तो धक्क्यावर आला तेव्हा सासरा स्वतःची जाळी होडीत भरून निघायच्या तयारीत होता. बंदी टळल्याचं ऐकून त्याने नुसती मान हलवली. मोजणीवाला नेहमीप्रमाणे कडेला उभा राहिला. सासऱ्याने फळी पुसायला टॉवेल उचलला, थांबला, आणि ओला दोर त्याच्या अंगावर फेकला.

"धर. ओढ."

मोजणीवाल्याने पाय रोवून ओढलं. होडी हलेना. त्याने दात-ओठ खाल्ले, लालबुंद झाला, सदऱ्याची शिवण उसवली. धक्क्यावरची माणसं बघायला थांबली. नांगर अजून तळाशीच आहे, हे सासऱ्याने त्याला बऱ्याच वेळाने सांगितलं.