पडीक रानातला झेंडा

कंपनीचे साहेब खाटेपाशी खुर्ची ओढून बसले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "गंगाधरराव, समोर मोकळं पडीक रान असताना विमान बांधावर कसं घातलंत?"

ह्यांचा पाय प्लास्टरात, नजर छताला. सोलापूरच्या त्या दवाखान्यात माझं मात्र डोकं तापलं होतं. काय झालं ते मला ठाऊक होतं की, ह्यांनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

शहात्तर साल होतं. हे वळसंगच्या उसावर विमानातून औषध फवारायचे. उसाच्या टोकाला, पलीकडच्या पडीक रानात, ईरप्पा पांढरा झेंडा धरून उभा राहायचा. विमान झेंड्याच्या रोखानं येऊन त्याच्या डोक्यावरून जायचं, मग तो पुढच्या पट्ट्यावर सरकायचा. सुरुवातीला बिचारा विमान जवळ आलं की झेंडा टाकून पळायचा. पट्टे चुकायचे, औषध वाया जायचं. ह्यांचा राग तर नाकावर. चारचौघांत त्याला झापलं, आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही म्हणून बजावलं. त्या दिवसापासून ईरप्पा खांबासारखा उभा.

अपघात झाला त्या दिवशी उसावर असतानाच तेलाची नळी फुटली. समोरची काच काळी झाली आणि इंजिन बंद पडलं. ह्यांनी टाकीतलं औषध सोडून विमान हलकं केलं. उतरायला जागा एकच, उसापलीकडचं पडीक रान. बाजूच्या खिडकीतून पाहिलं तर तिथं मधोमध ईरप्पा. हे बेंबीच्या देठापासून ओरडले. तो हलेना. शेवटी ह्यांनी विमान वळवलं आणि ते बांधावरच्या बाभळीत घुसलं.

साहेबांनी पुन्हा विचारलं. झेंडेवाला आडवा आला असेल तर त्याला काढून टाकू, तुमच्यावर ठपका येणार नाही, असंही म्हणाले. मी मनात म्हटलं, बोला की एकदाचं.

"कुणी आडवं आलं नाही," हे म्हणाले. "माझाच अंदाज चुकला."

मग कंपनी तुम्हाला पुन्हा विमानावर बसवणार नाही, असं सांगून साहेब निघून गेले. पाय दिवाळीपर्यंत बरा होणार होता. मी भडकले. खोटं कशाला बोललात, विमानाशिवाय तुम्ही जगणार कसे, तोंडाला येईल ते बोलले.

"त्याला तिथं मीच उभं केलं होतं, यशोदा." एवढं म्हणून ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लग्न झाल्यापासून ह्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी तणतणत बाहेर आले. व्हरांड्यात ईरप्पा बसला होता. सकाळीच वळसंगहून आलेला, पण आत यायचा धीर होत नव्हता. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं.

तो उठून उभा राहिला. "वैनी, नवा पायलट येनार म्हनत्यात. मी न्हाय उभा ऱ्हायचो दुसऱ्या कुनासाटी. आपले साहेब परत उडाय लागले की मला सांगावा धाडा."

"धाडते की," मी म्हणाले, आणि त्याला आत घेऊन गेले.