पाटीवरची खुशाली

मित्रांनो, मी एक दगडी पाटी आहे. माझी चौकट एका कोपऱ्यात खिळखिळी झाली आहे आणि वरच्या अंगाला केसासारखी बारीक चीर आहे. माझा दगड कुठल्या डोंगरातला, हे मला ठाऊक नाही. आठवतं ते थेट नागपूरच्या इतवारीतलं दुकान. तिथे आम्ही वीस-पंचवीस जणी सुतळीने बांधून पडलो होतो आणि शाळा सुरू व्हायची वाट पाहत होतो.

मला घ्यायला आली ती एक अठ्ठावीस वर्षांची बाई. दुकानदाराने विचारलं, मुलगा शाळेत जातो की मुलगी? ती म्हणाली, मीच जाते. दुकानदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. नाहीतर आमच्या ढिगाऱ्यात हसू फुटलंच होतं!

तिचं नाव सिंधू. गल्ली तिला सिंधूताई म्हणे, पण मी तिचं पहिलं 'अ' अंगावर घेतलेलं, म्हणून मी सिंधूच म्हणते. ती कापडगिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. दिवसभर उभं राहून तुटलेले धागे जोडायचे आणि संध्याकाळी विहारातल्या वर्गाला यायचं. वर्ग घेणाऱ्या गोपिकाबाई म्हणत, सिंधूचं अक्षर बोटभर उंच आहे, पण सरळ आहे. दीड वर्षात ती वाचू लागली. वर्ग संपला, आणि बिनकामाची झाले म्हणून मी कुढत बसणार, तोच माझी खरी नोकरी सुरू झाली.

झालं असं, की तिच्या नवऱ्याला, देवरावला, उमरेडच्या रस्त्यावर कवेलूच्या, म्हणजे छपराच्या कौलांच्या, एका कारखान्यात काम मिळालं. काम भट्टीवरचं, आणि पाळी कायमची रात्रीची. भट्टी विझू द्यायची नसते, म्हणून कुणाला तरी रात्रभर तिला सरपण चारावं लागतं. तो दुपारी पावणेपाचला घर सोडी आणि पाचची एस.टी. धरी. सिंधू गिरणीतून सहाला येई. सकाळी ती सातला निघे, आणि तो साडेसातला परते. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या, तिची रविवारी आणि त्याची मंगळवारी. घरात माणसं दोनच, पण रविवारचा दिवस आणि मंगळवारची रात्र सोडली, तर एकाच्या चपला दाराशी असल्या की दुसऱ्याच्या नसायच्या.

मग मला चुलीजवळच्या खिळ्यावर टांगलं गेलं. सिंधू सकाळी लिही, 'भाकर टोपल्यात आहे. झोप झाली का ते लिहा.' संध्याकाळी तिला उत्तर मिळे, 'झोप झाली. जेवलो. बरा आहे.' ती ते उभ्याउभ्या वाचे, मग पिशवी खाली ठेवी. तेवढी दोन ओळींची खुशाली वाचून तिचा दिवसभराचा शीण उतरे. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा!

आता जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते. त्या ओळी खोट्या होत्या.

देवराव सकाळी यायचा, हातपाय धुवायचा आणि बाजेवर आडवा व्हायच्या आधीच ती तीन वाक्यं लिहून मोकळा व्हायचा. पुढे झोप यायची ती तास-दीड तास. आमच्या दारासमोर सार्वजनिक नळ, तिथे पार्वतीबाई आणि इतर बायांच्या घागरींची आदळआपट. शेजारी धोंडबा टिनाच्या बादल्या बनवायचा. त्याचा हातोडा सकाळी नऊला जो सुरू होई तो दिवस मावळेपर्यंत. वर कवेलू तापलेले. देवराव या कुशीवरून त्या कुशीवर होई, उठून पाणी पिई, आणि भुकेची वेळ टळून गेली की भाकर कागदात गुंडाळून नेई आणि वाटेत गाईला घाली. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, तो असा.

रविवारी सिंधू घरी असे. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडून राही. ती पावलं न वाजवता वावरे. तिला वाटे, निजला आहे. मला समोरून त्याच्या पायाची बोटं हलताना दिसत. पण पाटीला तोंड कुठे असतं? कुणी लिहिलं तेवढंच तिचं बोलणं. अशी तीन वर्षं त्याने दुखणं अंगावर काढलं आणि मी ते झाकलं.

त्र्याहत्तर सालचा नवतपा होता, मेअखेरचे होरपळवणारे नऊ दिवस. त्या दिवसांत नागपुरात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. गिरणीची वीज गेली आणि बायांना अकरालाच घरी पाठवलं. सिंधू बाराच्या सुमाराला दारात आली.

तिची नजर सवयीने आधी माझ्याकडे गेली. माझ्यावर लिहिलेलं होतं, 'झोप झाली. जेवलो. बरा आहे.' मग तिने बाजेकडे पाहिलं. देवराव डोक्यावर ओला पंचा घेऊन बसला होता, डोळे पळसाच्या फुलासारखे लाल. टोपल्यातली भाकर तशीच होती.

ती ओरडली नाही. तिने जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला, आणि तो हात तिने बराच वेळ काढला नाही.

"तुमी जागेच आहा," ती म्हणाली. "मंग हे काहून लिहून ठेवलं?"

"तुले बी दिवसभर उभंच राहा लागते वं," देवराव म्हणाला. "त्यात माह्या झोपेचा घोर तुले कायले देऊ?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. गेल्या गुरुवारी तो भट्टीच्या तोंडाशी उभ्याउभ्या पेंगला होता. पुढे झुकला, तेव्हा सोबतच्या नत्थूने सदरा धरून मागे ओढलं. सदऱ्याची बाही जळाली होती. तो सदरा त्याने कारखान्यातच टाकून दिला आणि माझ्यावर लिहिलं, 'बरा आहे.'

सिंधू त्याला त्याच दुपारी कामगारांच्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं होतं. दिवसपाळी द्यावी अशी चिठ्ठीही लिहून दिली. पण कारखान्यात जागा व्हायला तीन महिने लागणार होते, आणि तोवर दिवसा सहा तास झोप मिळाली नाही तर पुढचा झोक कुणी धरील याचा भरवसा नव्हता. त्या रात्रीची देवरावने रजा घेतली. उद्यापासून पुन्हा भट्टी.

सकाळी सिंधूने मला खिळ्यावरून काढलं. एरवी ती मला ओल्या फडक्याने पुसे, त्या दिवशी पदराने पुसलं. बोटभर उंच अक्षरांत लिहिलं, 'देवराव रात्री कामाला असतात. दिवसा निजू द्या. सिंधू.' आणि मला दाराबाहेर टांगायला निघाली.

"लोक हासतीन वं," देवराव म्हणाला.

"हासू द्या. हासून थकतीन तं निजू देतीन."

लोक हसले खरे. दिवसा झोपायची पाटी कुणी पाहिली होती? तीन वर्षं चुलीजवळ राहिलेली मी, उन्हात सगळ्यांपुढे उभी, आणि जो तो मला वाचून दात काढतो आहे. धोंडबाला वाचता येत नव्हतं. त्याने पार्वतीबाईंना विचारून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून आला.

"बाई, माह्यं पोटच ठोकण्यावर आहे. मी का करू?"

सिंधू त्याच्याशी भांडली नाही. तिने त्याला जळालेल्या बाहीची गोष्ट सांगितली आणि कामावर निघून गेली. धोंडबा माझ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. वाचता न येणाऱ्या माणसाने मला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग तो आपल्या दुकानात गेला आणि त्याने हातोडा खाली ठेवून पत्र्याचे सांधे झाळण्याची कामं काढली. ज्या कामाला आवाज नसतो ते सकाळी, ठोकाठोकी चारनंतर, असं त्याने आपल्या मनानेच ठरवलं. पार्वतीबाईंनी नळाखाली फाटकं पोतं अंथरलं, म्हणजे घागर टेकवली तरी वाजत नसे. मुलं चेंडू घेऊन पार पलीकडच्या मैदानात गेली. एक चेंडू जाता जाता मला लागला, ती ही चीर. मी तक्रार केली नाही.

मी बाहेर होते, मला आतलं दिसत नव्हतं. पण दहाच्या सुमाराला आतून घोरणं ऐकू आलं. मित्रांनो, मी पुष्कळ धडे ऐकले आहेत, कविताही ऐकल्या आहेत, पण त्या घोरण्याइतकं गोड काही ऐकलं नाही. ते थेट चारपर्यंत चाललं. चारला धोंडबाने पहिला हातोडा मारला आणि देवराव धडपडत उठला, नाहीतर त्याची एस.टी. चुकलीच असती. जेवायला मात्र त्याला वेळ मिळाला, कारण बाहेरून धोंडबाच ओरडला, "आधी जेव गा, मंग जाय."

तीन महिने गल्लीने ती शांतता राखली. पावसाळा सरता सरता देवरावला दिवसपाळी मिळाली. सिंधूने साहेबांपुढे उभं राहून आपली सुट्टीही मंगळवारी करून घेतली. आता ते दोघं एकत्र जेवतात. भाजी आणि तेलाचे निरोप अजून माझ्यावर लिहिले जातात, पण खुशाली कुणी लिहीत नाही. सिंधूने ते पार बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या शेजारी दिवसा दार लावून कुणी निजत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. दारावर पाटी नसली तरी चेंडू थोडा लांब न्या. आणि घरचं कुणी 'बरा आहे' असं लिहून गेलं, तर तेवढ्यावर जाऊ नका. ते शब्द मी तीन वर्षं रोज अंगावर वागवले आहेत. त्याच्या जवळ जाऊन बसा आणि टोपल्यातली भाकर संपली का, ते आपल्या हाताने टोपलं उघडून पाहा.