ट्यूबाला चाल नसते

अनघा वैतागली होती, आणि तिचा वैताग अगदी रास्त होता. मुलीने शाळेच्या बँडमध्ये बासरी घ्यावी, क्लॅरिनेट घ्यावं, निदान पिशवीत मावेल असं काहीतरी घ्यावं. निहारिकाने घेतला ट्यूबा! ते पितळी धूड सुट्टीपुरतं घरी आलं तेव्हा परदेशातल्या त्यांच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधला सोफा सरकवावा लागला. तेव्हापासून घरात नुसतं पों... पों.

बँड बसवत होता इंग्रजी लोकगीतांवरची एक लांबलचक रचना. खलाशी जहाजावर चढतो, त्याची प्रेयसी धक्क्यावर रडत राहते, असं काहीसं. चाल वाजवायची ती इतरांनी. ट्यूबाने खालून आधार द्यायचा आणि मध्येमध्ये बराच वेळ गप्प बसायचं. गप्प असताना निहारिका बोटांनी मात्रा मोजत ती चाल गुणगुणायची. घरून काम करणाऱ्या अनघाच्या डोक्यातून ती ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा जाईना.

सुबोधला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो दिवसभर तांजोंग पगार भागातल्या बँकेत. त्याच्या कानावर 'लोकगीत' एवढं एकच पडलं, आणि तो पडला मराठी मंडळाच्या गणेशोत्सव समितीवर. झालं! कोणाला न विचारता त्याने कार्यक्रमात टाकून दिलं: कु. निहारिका, इंग्रजी लोकगीत, एकल वादन.

"अरे, तिच्या वाट्याला चालच नाहीये!" अनघाने कपाळाला हात लावला.

"चाल नसलेलं गाणं असतं का कुठे? आणि आता पत्रिका सगळ्यांना गेली."

"बाबा, इट्स ओन्ली द बेस पार्ट, ला!" इथल्या शाळेत उचललेला 'ला' शेवटी लावत निहारिका रडकुंडीला आली. "लोक हसले ना, तर आय क्विट बँड. सीरियसली."

ती उगाच बोलणारी मुलगी नव्हती. शाळेत तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या त्या या बँडमुळेच. अनघाला नवऱ्याचा असा राग आला की त्या रात्री तिने त्याला वाढलंसुद्धा नाही.

कार्यक्रमात छोट्यांच्या नाचानंतर निहारिकाचा नंबर लागला. ट्यूबाच्या मागून तिचे फक्त डोळे दिसत होते. पों. पों. पोंपों. मग एकदम शांतता. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरतात न ओसरतात तोच पुन्हा पों! मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सुबोध खुर्चीत खाली खाली सरकत होता. 'आता सरक, अजून सरक,' अनघा मनात म्हणाली.

पुन्हा शांतता. या वेळी लांब. सूत्रसंचालक निशिकांत माइक घेऊन लगबगीने आलेच. "वा वा! फारच वेगळं! आता वळूया..."

निहारिकाचे डोळे भरून आले, पण ट्यूबावरची बोटं चालूच होती.

"अहो, थांबा ना जरा!" अनघा उभी राहिली. "संपलेलं नाहीये!"

"पण ती तर थांबलीये."

"थांबलेली नाही, मोजतेय!"

अख्खा हॉल वळून तिच्याकडे बघायला लागला. आता बसायचीही सोय नव्हती. अनघाने सरळ ती चाल धरली, ला ला करत, शब्दांशिवाय, निशिकांतवर, समितीवर आणि नवऱ्यावर डाफरल्यासारखी. आवाज फाटला. तेवढ्यात खालून ट्यूबा आला, आणि तिचा सूर कुठेतरी टेकला. कितीतरी दिवस डोकं उठवणारं ते पों पों कशासाठी होतं, हे तिला तिथे उभ्याउभ्या कळलं. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. निशिकांत माइक खाली घेऊन स्टेजच्या कडेला उभे होते.

टॅक्सीत ट्यूबा सुबोधच्या मांडीवर होता.

"आई, तू एक मात्रा आधीच घुसलीस," निहारिका म्हणाली.

"आधी थँक यू म्हण!"

"थँक यू. पण मी बँड सोडत नाही हां. तू उद्यापासून नीट प्रॅक्टिस कर. फक्त चाल ऐकतेस तू. ट्यूबापण ऐकायचा असतो, ला."