आत्याची साक्ष

संकलकाने आपल्या आत्याचा चेहरा पडद्यावर थांबवला आणि वाहिनीच्या साहेबांकडे न बघता विचारलं,
"इथपर्यंत?"

"इथपर्यंतच. बाई बोलल्या ना? आपण कुणाचं तोंड दाबलेलं नाही."

कारखान्यातल्या संपावर झालेल्या गोळीबाराचा हा माहितीपट वाहिनीनेच काढला होता. जाहिरात झाली आणि वरून फोन सुरू झाले. दाखवू नका म्हणणारे होते, दाखवाच म्हणणारेही होते. साहेबांनी दोघांनाही हो म्हणून टाकलं. ही त्यांची जुनी हातोटी. चित्रपट दाखवायचा, शेवटी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर तज्ज्ञांची चर्चाही ठेवायची, फक्त मधले अकरा सेकंद काढायचे.

पडद्यावरची आत्या आत्ताच म्हणाली होती, "मी काही पाहिलं नाही." पुढचे अकरा सेकंद असे होते: "असं पोलिसांनीच लिहून आणलं आणि माझी सही घेतली. मी सगळं पाहिलंय. माझ्या पोराचे हात वर होते. शेजारणीच्या नवऱ्याचेही."

गोळीबारात मेलेल्या या दोघांनी दगडफेक केली, असा सरकारी अहवाल होता. तो खोटा म्हणू शकणारी आत्या एकटीच. तिला कॅमेऱ्यासमोर बसवायला संकलकाने तीन महिने गळ घातली होती, चित्रीकरणाच्या दिवशी तिच्याजवळ बसून धीरही दिला होता.

त्याने अकरा सेकंद काढले. जोड दिसू नये म्हणून वर आत्याच्या हातांचं दृश्य चढवलं. त्याच्या कामात सफाई होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

रविवारी दुपारी आत्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिने गल्लीभर सांगितलं होतं, खुर्च्या गोळा केल्या होत्या, आणि त्याला तीनदा फोन करून बोलावलं होतं. शेजारीण सगळ्यांच्या पुढे बसली होती.

"मी काही पाहिलं नाही," टीव्हीवरची आत्या म्हणाली. मग तिचे हात दिसले. मग कारखान्याचं फाटक.

शेजारीण उठली, आपली खुर्ची भिंतीला लावून निघून गेली. मग एकेकाला घरची कामं आठवली. चित्रपट संपला तेव्हा खोलीत दोघंच उरली होती आणि टीव्हीवर तज्ज्ञ मोकळेपणाने बोलण्याचं महत्त्व समजावून सांगत होते.

"अरे, पुढचं मी बोललेच नाही का?" आत्याने हळूच विचारलं. "हात वर होते, ते? मला तर वाटत होतं, बोलले. तू शेजारीच होतास ना?"

खरं सांगायचं, असं ठरवूनच तो घरून निघाला होता.

"तू फार रडत होतीस, आत्या," तो म्हणाला.

तिने मान हलवली. वर्षभर मनात घोकलं आणि ऐन वेळी राहून गेलं, असं काहीसं पुटपुटली. आपल्यामुळे त्याला ऑफिसात बोलणी बसली नाहीत ना, हेही तिने विचारलं. तो नाही म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

आत्या उठली. टीव्ही बंद करून तिने दाराशी चपला शोधल्या.

"तिची माफी मागून येते. तूही चल. मी रडत होते, हे तू सांगितलंस तर तिला पटेल."

त्याने चपला पायात सरकवल्या आणि तो तिच्यामागून निघाला.