तात्यांची पेज

"जेवलास काय, तात्यानू?"

सत्यवतीने सिरिंज उजेडाकडे धरून बुडबुडा उडवला आणि सवयीने विचारलं. परशुरामतात्यांनी सदरा वर करून पोट पुढे केलं आणि राहुटीच्या झावळ्यांकडे बघत म्हणाले, "जेवलंय गो. वाडगोभर पेज जेवलंय."

झालं. तिने चिमटीत कातडी धरली, सुई टोचली, आणि पिशवी उचलून पुढच्या राहुटीकडे निघाली. ही इन्सुलिनची सुई खरं तर जेवणाआधीची. पण म्हाताऱ्या माणसाच्या खाण्याचा नेम नाही म्हणून तात्यांच्या बाबतीत डॉक्टरांनीच क्रम उलटा ठरवून दिला होता, आधी पेज आणि लगेच सुई. एरवी सत्यवती रिकामा वाडगा डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुईचं झाकण काढत नसे. लोक तिला त्यावरून चिडवतही, की ही भांडी घासायला येते का सुई द्यायला. त्या दिवशी मात्र तिने वाडगा बघितला नाही. तिसरा दिवस होता, कौलाचा दिवस होता, आणि संध्याकाळी ज्याच्या तोंडून सगळं गाव देवाशी बोलणार, त्याच्याकडे उष्टा वाडगा दाखवा म्हणून मागायचं तिला लाजिरवाणं वाटलं.

भरडवणे गाव दर चार वर्षांनी मार्गशीर्षात उठतं. तीन दिवस नि तीन रात्री गावात माणूस राहत नाही. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे शेजारच्या गावाच्या माळावर येऊन राहतात. व्हाळ म्हणजे वेस. तेवढे दिवस गाव देवाचं. पाऊल टाकायचं नाही, मग घरात काहीही राहिलेलं असो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वेशीवरच्या पाषाणापुढे गाऱ्हाणं घालून कौल लावायचा आणि देवाने होकाराचा उजवा कौल दिला की घरी परतायचं. गाऱ्हाण्याचा मान तात्यांच्या घराण्याचा. तात्यांचा आवाज अजून असा होता, की "बा देवा म्हाराजा" म्हटलं की माळावरची गुरंही माना वर करीत.

सत्यवतीला ही गावपळण लहानपणापासून आवडायची. तळेऱ्याला दिलेली ती, नवरा लवकर गेला, तशी नर्सिंग शिकून माहेरीच परत आली आणि उपकेंद्रात लागली, त्याला आता जन्म लोटला. पूर्वी भरडवण्यात ताप असे आणि विंचू असे; आता घरटी साखर आली आहे आणि सुनांना थायरॉईड. गावातल्या मितेशच्या बायकोला, अपेक्षाला, झोपेची बाधा झाली म्हणून तिची सासू तीन ठिकाणी उतारे टाकून आली होती. ती बाधा शेवटी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीएवढी निघाली. आता अपेक्षा सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवते आणि सासू म्हणते, ही झोपू पण देत नाही. राहुट्यांत फ्रीज कुठला? म्हणून सत्यवतीने मोठ्या मडक्यात ओली रेती घालून, तीत लहान मडकं बसवून सगळ्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या गार ठेवल्या होत्या. पोरांना वाटे, त्यात आइस्क्रीम आहे.

दुपार झाली. पुरुष खाडीवर जाळी घेऊन गेलेले, बायका पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटण्याच्या नादात. ऊन मऊ होतं, माळावरच्या गवतातून वारा हळूच जात होता, आणि झाडाखाली लवंडलेली माणसं अर्धी जागी, अर्धी झोपेत बोलत होती. सत्यवतीचेही डोळे मिटत आले होते. तेवढ्यात तात्यांची पुतणसून, मंगेशची बायको संचिता, समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात झाकलेला वाडगा होता. सामान आवरताना तात्यांच्या बाजल्याखाली सापडला म्हणाली. सत्यवतीने झाकण काढलं. पेज काठोकाठ होती आणि वर साय धरली होती.

सत्यवतीची झोप उडाली. सकाळची सुई पोटात आणि पोटात दाणा नाही. तिने पिशवी उचलली आणि धावत राहुटी गाठली, तर बाजलं रिकामं. वहाणा जागेवर होत्या. दोघी आंब्याच्या कडेने व्हाळापर्यंत आल्या आणि तिथे संचिताने तिचा दंड घट्ट धरला.

पलीकडे, काजूंच्या मधून, तात्या चालले होते. पांढरा सदरा, अनवाणी पावलं, डुलत डुलत गावाकडे. सत्यवतीने हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

"सत्यवतीबाय, नको," संचिता पुटपुटली. "मंगेशाक बोलवया. पुरुष मानसा येवंदेत."

"ती येईसर ह्येंच्या अंगातली साखर रवाची नाय," सत्यवती म्हणाली.

ती काही धीट नव्हती. देवाला मानणारी होती, आणि व्हाळापलीकडे पाऊल टाकलं तर काय होतं याच्या गोष्टी तिने आजीच्या मांडीवर ऐकल्या होत्या. मग तिने लुगड्याचा काठ वर धरला, देवाचं नाव घेतलं आणि पाण्यात उतरली. पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण इतकं गार की हातापायांतली धग निघून गेली.

गाव तिच्या ओळखीचं होतं आणि नव्हतंही. पाणंदीत कोंबडी नाही, कुत्रं नाही, कुणाच्या घरातून रेडिओ नाही. दारं नुसती ओढून घेतलेली. घरांभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यांवर ऊन निवांत बसलं होतं. कुणाच्या तरी दोरीवर विसरलेली ओढणी हलत होती आणि तेवढीच काय ती गावात हालचाल. बंद घरांतून फ्रीजची बारीक गुणगुण येत होती. जणू सगळी घरं डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. पोफळींच्या बागेपाशी तिला वाटलं, आई विहिरीवर रहाट ओढते आहे. तिने थांबून बघितलं. विहीर नुसतीच होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते वेगळंच. असं वाटलं की गाव झोपलंय, आपण त्याच्या स्वप्नातून चाललोय आणि आपण हळू चाललो तर ते जागं होणार नाही. ती हळू चालली. मग तात्यांची आठवण होऊन भरभर चालू लागली.

तात्या त्यांच्याच पडवीत बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, बोटं थरथरत होती. ती समोर उभी राहिली तशी त्यांनी वर पाहिलं आणि हसले. असं हसताना तिने त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"पद्मा, पेज हाड गो. भूक लागली."

तात्यांची बायको पद्मावतीकाकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. साखर उतरलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याला उगाच पटवत बसू नये, हे सत्यवती नव्या मुलींना नेहमी सांगायची. पण ती जे बोलली ते शिकवणीतून आलं नव्हतं.

"हाडलंय," ती म्हणाली. "हळू पिया."

तिने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यात ग्लुकोज कालवलं. तात्यांची विहीर हाताशी होती, पण गावातलं काही शिवायचं नाही हे भान तिला होतं. घोट घोट करत तिने ते त्यांच्या ओठाला लावलं. तात्या आज्ञाधारक मुलासारखे प्यायले. मध्येच म्हणाले, तुझा हात गार लागतो. व्हाळातून इलंय, ती म्हणाली. बोटाला टोचून तिने साखर मोजली तर आकडा फारच खाली होता. तिने आणखी पाजलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ऊन घरापुढच्या खळ्यातून थोडं सरकलं. तुळशीवर एक फुलपाखरू आलं आणि गेलं. तिच्या मनात आलं, की आपण आयुष्यभर हेच करत आलो. कुणाच्या तरी अंगात माणूस परत येईपर्यंत शेजारी बसून राहायचं. त्यात तिला वाईट वाटलं नाही.

तात्यांच्या डोळ्यांत हळूहळू ओळख आली. आधी ती दिसली, मग पडवी, मग तुळस. ते दचकून उठू लागले. तिने खांदा दाबून खाली बसवलं आणि बिस्किटं हातात दिली.

"मी खंय आसंय?"

"तुमच्या पडवेत."

बिस्किट हातातच राहिलं. तिने ते खायला लावलं तेव्हा खाल्लं. मग त्यांनीच सांगितलं, की त्यांचे वडील कौलाच्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नसत, आजोबाही नाही. घरातल्यांनी आणि डॉक्टरांनी यंदा उपास करायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि त्यांनी होकारही दिला होता. पण सकाळी वाडगा तोंडाजवळ नेला आणि घास उतरला नाही.

सत्यवतीला राग आला. त्यांचा आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. पण रागावायला तोंड उघडलं, तर डोळेच भरून आले.

"कोणाक कळाचा नाय," ती म्हणाली. "संचिता बोलाची नाय, मी बोलाची नाय. सांजचा गाऱ्हाणा तुमीच घालतलास."

तात्यांनी मान हलवली.

"आत इलंय ता आजारपण गो. तेचा काय ता देव बघीत. पण सकाळी मी शुद्धीत होतंय. शुद्धीत तुका खोटा सांगलंय. त्याच तोंडान आता देवाक गावाचा काय सांगू?"

तिने पुन्हा बोटाला टोचलं, आकडा वर आलेला बघितला आणि त्यांचा हात धरून उठवलं. येताना पाणंदीत तात्या प्रत्येक घराकडे बघत चालले होते.

संध्याकाळी गाव वेशीवर जमलं. पाषाण धुतला होता, फुलं वाहिली होती, बिऱ्हाडं बांधून तयार होती. तात्या पुढे झाले तशी कुजबुज थांबली. त्यांनी सरळ सांगितलं. पेज खाल्ली नाही, सत्यवतीला खाल्ली म्हणून सांगितलं, शुद्ध हरपून वेस ओलांडली, आणि ती आपल्याला आणायला आत आली. गाऱ्हाणं यंदापासून मंगेश घालेल. एवढं बोलून ते बाजूला झाले.

मग गलका उठला. देव रागावेल, कौल मिळायचा नाही, आणखी तीन दिवस माळावर काढावे लागतील, जो तो बोलू लागला. मानकऱ्यांतले बाळा गावकर जाणते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सत्यवतीकडे वळून सावकाश विचारलं, की परशुराम गेला तो बेशुद्धीत गेला, पण तू तर शुद्धीत गेलीस ना? सगळे तिच्याकडे बघू लागले. या लोकांच्या पोटाला, दंडाला, बोटाला तिने इतकी वर्षं सुया टोचल्या होत्या. यांनी आता दारात उभं केलं नाही तर, हा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"होय, शुद्धीत गेलंय," ती म्हणाली. "परत तशी येळ इली तर परत जातलंय. ता पण देवाक सांगा."

बाळा गावकरांनी तिच्याकडे पाहिलं, पाषाणाकडे पाहिलं, आणि मंगेशला पुढे हो म्हणून खूण केली.

मंगेश विजयदुर्ग ते तळेरे टेम्पो चालवणारा माणूस. त्याने कधी चारचौघांत दोन वाक्यं बोललेली नव्हती. नारळ हातात घेऊन तो पाषाणापुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा," म्हणाला आणि अडला. मागे वळून त्याने काकांना शोधलं. तात्या गर्दीच्या मागे, बायकांच्या नि पोरांच्या रांगेत, सत्यवतीच्या बाजूला येऊन उभे होते. शब्द त्यांच्या ओठावर आलेले तिला दिसले. त्यांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली.

मंगेश पुन्हा समोर वळला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि या वेळी थांबला नाही. "आमचो म्हातारो उपाशी होतो, वाट चुकलो. आमची बाय तेका हाडूक तुझी वेस ओलांडून गेली. तिना काय ता लपवक नाय. जा चुकला ता पोटात घाल, आणि ह्या लेकरांका घराक जावक दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणालं.

तो आवाज माळावर पसरून विरला, आणि त्याच्या मागून, थोडा उशिरा, सत्यवतीच्या अगदी कानाशी आणखी एक आवाज आला. जन्मभर पुढे उभा राहून ज्याने हे शब्द दुसऱ्यांकडून ऐकले होते, तो आज पहिल्यांदाच ते म्हणत होता, न सरावलेल्या माणसासारखा, हळू.

"होय म्हाराजा."

सत्यवतीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पाषाणाकडेच बघत उभी राहिली.