चिंचेनं घासलेले हंडे

वाघजाईच्या डोहातले सतरा मासे मी मारले. गावात कुणी हे माझ्या तोंडावर म्हणत नाही, म्हणून मीच सांगते.

त्र्याहत्तर सालचा वैशाख होता. आदल्या साली पावसानं दगा दिला होता. वेल्ह्याखाली कानंदीची धार तुटली आणि नदीत नुसते डोह उरले. त्यातला एक आमच्या वाघजाई देवीचा. माझे सासरे चिमाजी गुरव देवीचे पुजारी, आणि तिच्या माशांचे राखणदारही तेच. त्या डोहात गळ टाकायचा नाही, जाळं धुवायचं नाही, माशाला हात लावायचा तो गुरवानंच, अशी जुनी रीत. मासे खडस जातीचे, दोन-दोन वीत लांब, सोनेरी खवल्यांचे. काठच्या उंबराचं फळ पाण्यात पडलं की त्यांची झुंबड उडायची. बाकी नदीत लोक रस्त्याच्या कामावरची सुरुंगाची दारू आणून मासे उडवत होते. खडस म्हणून जे उरले होते ते आमच्याच डोहात. सासरे म्हणायचे, "हितलं बी गेलं तर नदी रिकामी झाली म्हणायची."

पाणी गुडघ्यावर आलं. माशांच्या पाठी उघड्या पडल्या आणि बगळे काठावर पंगत धरून बसले. सासऱ्यांचं जेवण तुटलं. शेवटी गावानं ठरवलं, मासे मैलभर खाली बौद्धवाडीजवळच्या डोहात न्यायचे. त्याला आतून झरा आहे, तो कधी आटत नाही.

देवीचे मासे न्यायचे म्हणजे साधंसुधं काम थोडंच! घराघरातून तांब्याचे हंडे गोळा झाले आणि घासायचं काम मी अंगावर घेतलं. माझ्या हातच्या भांड्यांच्या लकाकीचा मला भारी तोरा होता. चिंच कोळून, राख लावून दोन दिवस हंडे असे घासले की त्यात तोंड दिसावं.

बौद्धवाडीची रतनबाई सरपणाला निघाली होती. तिच्या घरातली माणसं खालच्या नदीत मासे धरायची आणि जिवंत ठेवून वेल्ह्याच्या बाजारात न्यायची. हंडे बघून ती थांबली.

"सगुणावैनी, तांबं नका घिऊ. तांब्यात मासं टिकत न्हाई. असं चिंचंनं घासल्यालं तर न्हाईच न्हाई. मातीचं डेरं घ्या, आमच्याकडं हायेत."

मी मानही वर केली नाही. म्हटलं, "देवीचं मासं तुमच्या मडक्यातनं न्यायचं व्हय? तुजा शहाणपणा तुज्यापाशीच ठेव."

ती दोर खांद्यावर टाकून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी धोतर खोचून एकेक मासा स्वतः धरला आणि एकेका हंड्यात सोडला. सतरा हंडे भरले. अठरावा मासा हातात होता आणि हंडे संपले होते, म्हणून देवळामागचा जुना मातीचा माठ आणला. आम्ही बायका डोक्यावर घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत माझ्या हंड्यातली उसळी थांबली. मला वाटलं, मासा शांत झाला, देवीचीच कृपा. खाली पोचून हंडा उतरवला तर तो पोट वर करून तरंगत होता, कल्ल्यांवर पांढरा चिकटा आलेला. शेजारणीच्या हंड्यात तेच. सतराच्या सतरा हंड्यांत तेच. माठातला मासा तेवढा सुळकन डोहात गेला.

कुणीतरी म्हणालं, देवीचा कोप झाला, मासे बौद्धवाडीला आणलेले तिला रुचले नाहीत. वरच्या डोहात अजून सात मासे होते. ते आता तिथंच राहू द्या, देवी बघून घेईल, असं सगळे म्हणायला लागले. सासऱ्यांनीही मान डोलावली. गप्प राहिले असते तर नाव देवीचं झालं असतं आणि ते सातही गेले असते.

"कोप न्हाई, मामंजी," मी चारचौघांत बोलले. "चिंच हाय आन तांबं हाय. रतनबाईनं सांगितलं हुतं. म्या ऐकलं न्हाई."

सासरे म्हणाले, "जा. डेरं देती का इचार."

तिच्या दारात उभी राहिले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "रतनबाई, तुमी म्हणला तेच खरं झालं," मी म्हटलं. तिनं मला दारातूनच हाकललं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "किती ऱ्हायलं?"

"सात."

तिच्या घरातला डेरा पिण्याच्या पाण्यानं भरलेला होता. ते तिनं मिळेल त्या भांड्यात ओतलं आणि डेरा रिकामा केला. मग वाडीत फिरून आणखी सहा जमवले. उन्हं कलल्यावर सासऱ्यांनी वरच्या डोहातले सातही मासे त्यांत सोडले आणि आम्ही निघालो. डेऱ्यांवर तिनं ओली फडकी टाकली आणि वाटेत दोनदा थांबून पाणी हलवायला लावलं.

सहा मासे डोहात सोडताच गेले. सातवा सगळ्यात मोठा, तो पाण्यात सोडल्यावर कुशीवर पडला. सासऱ्यांना तो सावरेना. रतनबाई लुगड्यानिशी पाण्यात उतरली. तिनं माशाच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि त्याचं तोंड झऱ्याकडं करून धरलं. काठावरची माणसं सासऱ्यांकडं बघू लागली.

"सोडू नका, रतनबाई," सासरे म्हणाले. "आजून धरा."

वाडीतल्या कुणाला त्यांनी असं आदरानं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. कल्ले हलले, थांबले, पुन्हा हलले. मग शेपटीचा एक फटकारा बसला आणि तिचे हात रिकामे झाले. मी तोंडात पदर कोंबून रडले, सतरांसाठीही आणि त्या एकासाठीही.

सासऱ्यांनी पाण्यातूनच तिला हात जोडले. "देवीचं मासं आता तुमच्या हवाली."

रतनबाई लुगडं पिळत वर आली. म्हणाली, "देवीचं आमाला सांगू नका, गुरवबुवा. ते आमी कवाच सोडलंय. मासं मातूर राखू."

आणि त्यांनी राखले.