कोल्हापूरचे सांधे

"अडले," अप्पा म्हणाले. "क्रॉसिंगच्या नाकाशी."

वाणीने बोटाने ढकललेला छोटा डबा थांबवला. अप्पांची पाठ टेबलाकडे होती. त्यांनी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिने भिंग डोळ्याला लावलं. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे डाखाचा बारीक थेंब राहिला होता.

"डाख जास्त झाला."

"मग घास. कानस तिरकी धरू नको."

पंखा बंद होता. डाख देताना वारा चालत नाही. खाली चिकटवलेला कागदी नकाशा फडफडतो आणि जोड कच्चा राहतो. वेस्ट मांबलममधल्या त्या दोन खोल्यांत मे महिन्याची दुपार कोंडून राहिली होती. वाणीच्या हनुवटीवरून घाम ओघळला. तिने तो खांद्याला पुसला आणि कानस उचलली.

अप्पांची, म्हणजे तिचे वडील रामस्वामी यांची, सगळी नोकरी रेल्वेत सांध्यांचे नकाशे काढण्यात गेली होती. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे ते सांधे. निवृत्तीनंतर ते तसेच सांधे मॉडेल रेल्वेसाठी, वितीएवढे, हाताने करू लागले. साधे सांधे बाजारात तयार मिळत. पण डबल स्लिप, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना कापतात आणि गाडीला दोन्हींपैकी कुठल्याही रुळावर जाता येतं, तसली अवघड कामं हौशी लोक रामस्वामींकडेच पाठवत. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. वाणी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने रजा घेतली. रजा वाढत गेली, मग नोकरीच गेली. घरात अर्धवट राहिलेली कामं होती. जीभ थोडी सुटल्यावर अप्पा, घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत, सांगू लागले आणि ती करू लागली. सुरुवातीला रूळ वाकडे बसायचे, नंतर सरळ बसू लागले. पुढे नकाशेही तीच काढू लागली. खोक्यावर नाव मात्र रामस्वामींचंच राहिलं. त्याचा विचार दोघांनीही कधी केला नव्हता.

त्या संध्याकाळी कोल्हापूरचे उदयसिंह आले. आजवर फक्त फोनवर बोललेलं हे जुनं गिऱ्हाईक, कामासाठी चेन्नईत आलं होतं. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. बूट दाराबाहेर काढून ते आत आले आणि त्यांनी अप्पांच्या पायांना हात लावला.

"तुमचे हात बघायचे होते हो एकदा," ते म्हणाले.

कॉफीचे पेले घेऊन आलेली वाणी दारातच थांबली. अप्पांचा उजवा हात पंच्याखाली होता.

"बघायचे तर हिचे बघा," अप्पा म्हणाले. "माझा हात गेला. हीच करते सारे. मज सांगायला लाज वाटली, म्हणून सांगितले नाही."

उदयसिंहांनी वाणीकडे पाहिलं. बोटांवरचे भाजल्याचे डाग तिने पेल्यांमागे लपवले.

कोल्हापुरात एका बंद गिरणीच्या शेडमध्ये ते मुलांसाठी रेल्वेचं मोठं मॉडेल उभं करत होते. स्टेशन, यार्ड, सगळं. "यार्डातले सांधे तिथेच बसून केले तर वळणं जुळतील. तुम्ही या, ताई. पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे राहा. घरात मंडळी आहेत, कसलीच अडचण नाही."

वाणी काही बोलण्याआधीच अप्पा म्हणाले, "जा."

"आणि तुम्ही?"

"वेंकट आहे की. मी काय लेकरू आहे?"

धाकटा भाऊ वेंकट श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात होता. त्याची बायको ऊर्मी मूळची नाशिकची. ती फोनवर लगेच म्हणाली, "जा तुम्ही, ताई. खरंच जा. आम्ही तिकडे येऊन राहतो." वाणीने माळ्यावरची बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि उन्हात ठेवली. त्या आठवड्यात कानस चालवताना ती गुणगुणत होती. अप्पांनी ते ऐकलं.

रविवारी एक दिवस वाणीशिवाय राहून बघायचं ठरलं. वेंकटची कारखान्यात पाळी होती, ऊर्मी सकाळीच आली. वाणी एन्नोरला मावसबहिणीकडे, भवानीकडे, गेली. गाडीत खिडकीशी बसून ती नुसती बाहेर पाहत राहिली. भवानीकडे जेवून जरा आडवी झाली ती थेट दिवस कलल्यावर उठली.

"उठवलं का नाहीस?"

"किती शांत निजली होतीस," भवानी म्हणाली. "उठवायला मनच होईना."

घरी परतली तेव्हा ऊर्मी दारातच उभी होती. डोळे लाल.

"ताई, मी सगळं केलं हो. भात मऊ केला, तुम्ही सांगितलं तसं. ते तोंडच उघडेनात. कपडे बदलू देईनात. भूक नाही म्हणतात, तेवढंच."

अप्पा खुर्चीत होते, सकाळी बसवलं होतं तसेच. पंचा ओला होता. ओठ सुकले होते.

"काय झालं, अप्पा?"

"काही नाही. भूक नव्हती."

वाणीने त्यांना पुसलं, कपडे बदलले, दहीभात कालवला. त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं आणि सगळा भात खाल्ला. ऊर्मी स्वयंपाकघरातून बघत होती. मग ती पर्स घेऊन हलकेच निघून गेली.

"तू जा कोल्हापूरला," जेवण झाल्यावर अप्पा म्हणाले. "मी कोठे अडवतो?"

"अडवत नाही तुम्ही," वाणी म्हणाली. "फक्त जेवत नाही."

बाहेरून कुल्फीवाल्याची हाक येऊन गेली. अप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर मागेपुढे होत राहिला.

"खरेच होईना मज," ते शेवटी म्हणाले. "ती पोर चांगली आहे. घास आणते समोर. मी मनाशी म्हणतो, उघड तोंड. तोंड उघडत नाही. तुज खोटे वाटेल."

वाणीला ते खोटं वाटलं नाही. खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच तिच्या मनात आलं. मग भांडता आलं असतं. दार आपटून जाता आलं असतं. तिने ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, आणि आधीच स्वच्छ झालेलं ताट पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने उदयसिंहांना फोन केला. "यायला जमणार नाही. शेडची मापं पाठवा, वळणांचे कागदावर ठसे काढून पाठवा. इथून तुकडे करून देते. तुमच्या माणसाने फक्त जोडायचे." त्यांनी कारण विचारलं. "घरचं आहे," ती म्हणाली. त्यांनी अधिक विचारलं नाही.

पावसाळाभर ती ते यार्ड करत राहिली. अप्पा हल्ली फारशा चुका काढत नसत. एकदा ते म्हणाले, "खोक्यावर तुझे नाव घाल." तिने घातलं. खोकी एकेक करून जात राहिली.

शेड उघडली त्या दिवशी उदयसिंहांचा व्हिडिओ कॉल आला. वाणीने फोन अप्पांना दिसेल असा धरला. मुलांचा गलका ऐकू येत होता. एक निळं इंजिन स्टेशनातून सुटलं, डबल स्लिपवर आलं, किंचितही न डगमगता पलीकडच्या रुळावर गेलं. अप्पा पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहिलेस?" त्यांनी विचारलं.

गाडीच्या मागे शेडचं मोठं दार उघडं होतं. बाहेर ऊन पडलं होतं. एक बाई स्कूटर लावून हेल्मेट काढत होती. तिने केस मोकळे केले, पदर नीट केला आणि कुणाचीही वाट न बघता रस्त्याने चालू लागली.

"पाहिलं," वाणी म्हणाली, आणि बाई दिसेनाशी होईपर्यंत तिने फोन हलवला नाही.